अखेरचे तीन गडी

पनामा देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पुएर्तो काइमितो नावाचे कोळ्यांचे एक गाव आहे. ओहोटी लागली म्हणजे तेथला समुद्र दूरवर मागे सरतो आणि ओल्या, घट्ट वाळूचे मैदान मोकळे होते. सन १९८० च्या सुमारास या मैदानावर गावातली मुले रोज बेसबॉल खेळत. पनामा कालव्याच्या निमित्ताने अमेरिकन लोकांचे त्या देशात येणेजाणे वाढले होते आणि त्यांचा हा खेळ तेथे चांगलाच रुजला होता. मुलांपाशी खेळाचे साहित्य मात्र कसले असणार! झाडाची फांदी तोडून तिची बॅट केलेली. फाटक्या जाळ्यांचे तुकडे गोळा करून, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळून केलेला चेंडू. आणि हातमोजे म्हणून दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे. या मुलांत एक शिडशिडीत, अबोल मुलगा होता. त्याचे नाव मारिआनो रिव्हेरा. त्याचा जन्म २९ नोव्हेंबर १९६९ रोजी पनामा सिटी येथे झाला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान होते. मारिआनो बारा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला कातड्याचा पहिला खराखुरा हातमोजा विकत घेऊन दिला. तोपर्यंत त्याचा सारा खेळ पुठ्ठ्याच्या डब्यावरच झाला होता.

हाच मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा सर्वांत भरवशाचा खेळाडू झाला. परंतु त्याचे काम काय होते, हे समजण्यासाठी बेसबॉलची थोडी माहिती असली पाहिजे. क्रिकेट आपल्या ओळखीचे आहे. त्याच्याच आधाराने ती करून घेऊ.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. एका डावात तीन गडी बाद झाले की डाव संपतो. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो मैदानाच्या मध्यावरील मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो. तेथून फलंदाजापर्यंतचे अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडे कमीच, असते. चेंडू जमिनीवर टप्पा घेत नाही. तो हवेतूनच थेट फलंदाजाकडे येतो. वेगवान पिचरचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात कापतो. तेवढ्या अवधीत फलंदाजाने चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅटही फिरवायची!

क्रिकेटमध्ये एक षटक संपले की दुसरा गोलंदाज येतो. बेसबॉलमध्ये तसे नाही. एकच पिचर सर्व फलंदाजांना चेंडू टाकीत राहतो. शंभराच्या आसपास चेंडू टाकून झाले की त्याचा हात थकतो आणि चेंडूचा तिखटपणा जातो. मग संघाचा व्यवस्थापक मैदानात येऊन त्याच्या हातून चेंडू काढून घेतो व दुसऱ्या पिचरला बोलावतो. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा खेळू शकत नाही. असा मध्येच मदतीला धावून येणारा जो पिचर, त्याला ‘रिलीफ पिचर’ म्हणतात. ही मंडळी मैदानाच्या कडेला, ‘बुलपेन’ नावाच्या आवारात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेली असतात. त्यांतला जो अगदी शेवटी येतो, नवव्या डावातले अखेरचे तीन गडी ज्याने बाद करायचे असतात, तो ‘क्लोझर’.

हे काम दिसायला लहान आहे. दोनअडीच तासांच्या खेळात क्लोझर कधीकधी दहा-पंधरा मिनिटेच मैदानावर असतो. पण दुसऱ्या डावात एखाद्या पिचरने धावा दिल्या तर त्या भरून काढण्यास संघापाशी आणखी सात डाव असतात. क्लोझरने दिलेली धाव भरून काढण्यास बहुधा काहीच उरलेले नसते. आठ डाव घाम गाळून सहकाऱ्यांनी जमविलेली एका-दोन धावांची आघाडी त्याच्या ओंजळीत ठेवलेली असते. ती सांडली, तर सर्वांची मेहनत वाया जाते.

पूर्वी रिलीफ पिचरला फारसा मान नसे. उत्तम पिचर तो, जो आरंभ करतो आणि शेवटही स्वतःच करतो, अशी समजूत होती. जे मागे उरत, ते बुलपेनमध्ये बसत. अशी थोडी आघाडी सुरक्षित राखून सामना पुरा करणाऱ्या पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ मांडण्याची पद्धत अमेरिकेच्या मोठ्या साखळी स्पर्धांत अधिकृत झाली ती सन १९६९ मध्ये. मारिआनोचा जन्मही त्याच वर्षीचा. योगायोगाला फार अर्थ देऊ नये हे खरे. पण हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

मारिआनोला काही आरंभापासून पिचर व्हावयाचे नव्हते. नववीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो वडिलांबरोबर बोटीवर जाऊ लागला. सार्डिन मासे धरण्याचे ते कष्टाचे काम त्याला आवडत नसे. एकदा तर त्यांची मोठी बोट भर समुद्रात कलंडून बुडू लागली आणि सर्वांना ती सोडून जीव वाचवावा लागला. तेव्हापासून मासेमारीवरचे त्याचे मन उडाले. यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर व्हावे, असे त्याच्या मनात होते. बेसबॉल तो स्थानिक संघातून केवळ हौसेने खेळे, आणि तोही पिचर म्हणून नव्हे, क्षेत्ररक्षक म्हणून.

सन १९८९ मधील गोष्ट. एका सामन्यात संघाच्या पिचरला काही केल्या सूर सापडेना. तेव्हा चेंडू मारिआनोच्या हाती आला. त्याने चेंडू टाकले आणि ते इतके नेमके पडले की सहकारी चकित झाले. यांकीज संघासाठी नवे खेळाडू हेरणाऱ्या माणसापर्यंत ही बातमी गेली. या माणसाने पूर्वी मारिआनोला क्षेत्ररक्षक म्हणून पाहून नापसंत केले होते. आता तो पुन्हा आला. मारिआनोचा वेग काही फार नव्हता. परंतु हाताची हालचाल इतकी सहज, जणू अंगाला श्रमच होत नाहीत, हे त्या जाणकाराच्या डोळ्यांनी टिपले. फेब्रुवारी १९९० मध्ये करार झाला. करारापोटी मिळालेली रक्कम तीन हजार डॉलरांहूनही कमी होती. तेथे नामांकित तरुण खेळाडूंना त्या काळीही लाखो डॉलर मिळत, हे ध्यानात घ्या.

वीस वर्षांचा मारिआनो अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात आला. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. गावी घरात टेलिफोन नव्हता. म्हणून तो आईवडिलांना पत्रे लिही. भाषेवाचून माणूस किती एकटा पडतो, हे त्याने तेव्हा अनुभवले. पुढे स्पॅनिश बोलणारी नवी मुले संघात आली म्हणजे “आधी इंग्रजी शिका” असे तो त्यांना आवर्जून सांगे. त्या पहिल्या वर्षी नवशिक्यांच्या स्पर्धेत त्याने ५२ डाव टाकले, आणि त्यांत त्याच्या खात्यावर लागलेली धाव होती अवघी एक!

यानंतर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. सन १९९२ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. पिचरचा कोपर म्हणजे गवयाचा गळा. त्याच वर्षी दोन नवे संघ निघाले व जुन्या संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू निवडण्याची त्यांना मुभा मिळाली. यांकीज संघाने मारिआनोला राखून ठेवले नाही. आणि गंमत अशी की नव्या संघांनीही त्याला निवडले नाही. कोणालाच नको असलेला हा खेळाडू पुन्हा हळूहळू हात बळकट करीत राहिला. २३ मे १९९५ रोजी तो मोठ्या स्पर्धेत प्रथम उतरला. चौथा डावही त्याला पुरा करता आला नाही. पाच धावा देऊन तो परत आला, आणि पुढच्या महिन्यात त्याची रवानगी पुन्हा दुय्यम संघात झाली. तेथे खांद्याला विश्रांती मिळाल्यावर त्याच्या चेंडूचा वेग अचानक वाढला. सन १९९६ मध्ये तो यांकीज संघात सातव्या-आठव्या डावाचा रिलीफ पिचर म्हणून स्थिर झाला. त्या वर्षी संघाने अजिंक्यपद मिळविले आणि १९९७ पासून तो क्लोझर झाला.

आता त्या सुप्रसिद्ध चेंडूची हकीकत सांगितली पाहिजे. जून १९९७ मध्ये एके दिवशी सामन्यापूर्वी मारिआनो आपला सहकारी रामिरो मेंडोसा याच्याशी सहज चेंडूची फेकाझेल करीत होता. मेंडोसाही पनामाचाच. मारिआनो नेहमीसारखाच सरळ चेंडू टाकीत होता. पण चेंडू मेंडोसाच्या हातमोज्यापाशी पोचता पोचता एकदम बाजूला सरके. मेंडोसाला वाटले, हा मुद्दाम खोडी काढतो आहे. मारिआनोने शपथेवर सांगितले की मी काहीही वेगळे करीत नाही. त्याला स्वतःलाच काही उमगेना. पुढचे काही आठवडे तो आणि त्याचे प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर चेंडू पुन्हा सरळ व्हावा म्हणून खटपट करीत होते. बोटांची पकड बदलून पाहिली, हात सोडण्याची रीत बदलून पाहिली. चेंडू काही सरळ होईना. शेवटी दोघांनी नाद सोडला आणि ‘जसा जातो तसा जाऊ द्या’ असे ठरविले!

हा चेंडू ‘कटर’ नावाने ओळखला जातो. तो रिव्हेराने शोधून काढलेला नव्हे. पूर्वीही पिचर तो टाकीत. पण रिव्हेराच्या कटरची तऱ्हाच निराळी होती. तो भर वेगाने सरळ येई आणि फलंदाजाने बॅट फिरवण्यास आरंभ केल्यानंतर, अगदी शेवटच्या क्षणी, काही इंच बाजूला वळे. डावखुऱ्या फलंदाजाच्या बाबतीत तो त्याच्या मुठीकडे घुसे. चेंडू बॅटच्या जाड भागावर बसण्याऐवजी निमुळत्या दांड्यावर आदळे आणि बॅटचे दोन तुकडे होत. किती बॅटी त्याने मोडल्या, याची गणती करणे कठीण. पुढची सोळा-सतरा वर्षे तो मुख्यतः हा एकच चेंडू टाकीत राहिला. काय येणार आहे हे फलंदाजाला ठाऊक असे, प्रेक्षकांना ठाऊक असे. तरी तो खेळता येत नसे. रिव्हेरा स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. ही देवाची देणगी आहे, असेच तो सांगत आला. देणगी खरी, पण तोच चेंडू हवा त्या जागी, बोटभरही न ढळता, शेकडो वेळा टाकायचा ही मेहनत त्याची स्वतःचीच, असे आम्हांला वाटते. ही विद्या त्याने लपवूनही ठेवली नाही. सन २००८ मध्ये रॉय हॅलडे या दुसऱ्या संघाच्या मोठ्या पिचरने विचारताच त्याने त्याला चेंडू कसा धरावा ते दाखवून दिले. यामुळे स्वतःच्याच संघातील मित्रांनी त्याला थट्टेने दंड ठोठावला!

१९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षे यांकीज संघ अजिंक्य ठरला. १९९९ च्या अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान रिव्हेराला मिळाला. अखेरचा गडी बाद झाला तरी तो उड्या मारीत नसे. कॅचरशी हस्तांदोलन करून शांतपणे निघून जाई.

मग सन २००१ उजाडले. त्या वर्षी ११ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कच्या दोन उत्तुंग इमारती दहशतवाद्यांनी विमाने आदळून पाडल्या आणि हजारो माणसे मरण पावली. दुःखाने खचलेल्या त्या शहराचे डोळे आपल्या संघाकडे लागले होते. अंतिम मालिका ॲरिझोनाच्या संघाशी होती. दोघांनी तीन-तीन सामने जिंकले होते. ४ नोव्हेंबर रोजी सातवा, निर्णायक सामना सुरू झाला. आठव्या डावात यांकीज २-१ असे पुढे गेले आणि चेंडू रिव्हेराच्या हाती आला. अंतिम टप्प्यांच्या सामन्यांत त्याने याआधी सलग तेवीस वेळा आघाडी राखली होती. आठव्या डावात त्याने तीन गडी बाद केले. आता उरला नववा डाव.

पहिल्याच फलंदाजाने चेंडू टोलवून पहिला तळ गाठला. पुढच्याने बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच पुढे ढकलला. रिव्हेराने धावत जाऊन तो उचलला आणि दुसऱ्या तळाकडे फेकला. पण फेक चुकली! ज्याचा चेंडू सुईच्या नाकातून जावा, त्याचीच फेक चुकली. मग एक गडी बाद झाला. पण पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली. त्यानंतरच्या फलंदाजाच्या अंगाला चेंडू लागला व सर्व तळ भरले. आता लुइस गॉन्झालेस बॅट घेऊन उभा राहिला. एक धाव झाली की सारे संपणार होते; ती रोखावी म्हणून यांकीजचे आतले क्षेत्ररक्षक पुढे सरकून उभे राहिले. रिव्हेराने कटर टाकला. तो उत्तमच पडला. बॅटच्या दांड्यापाशी, मुठीजवळ लागला. चेंडूत जोरही नव्हता. तो लोंबकळत वर उडाला आणि पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून जाऊन मागे गवतावर पडला. ते नेहमीच्या जागी उभे असते, तर तो सोपा झेल होता. यांकीज हरले.

ज्याच्यावर सर्वांत अधिक भरवसा, त्याच्याच हातून अजिंक्यपद निसटले. रिव्हेराने कोणाला दोष दिला नाही, सबब सांगितली नाही. बातमीदारांच्या प्रश्नांना त्याने शांतपणे उत्तरे दिली.

या पराभवाला एक शेपूट आहे. यांकीज संघात एन्रिके विल्सन नावाचा डोमिनिकन प्रजासत्ताकाचा खेळाडू होता. संघ जिंकला असता तर न्यूयॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक निघाली असती आणि विल्सन १२ नोव्हेंबरच्या विमानाने मायदेशी गेला असता. संघ हरला, म्हणून तो आधीच निघून गेला. १२ नोव्हेंबरचे ते विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. आतील २६० माणसांपैकी एकही वाचला नाही. हे कळल्यावर रिव्हेरा म्हणाला की आम्ही हरलो हेच बरे झाले. माझा मित्र तरी मला उरला. त्या विमानातील इतरांच्या घरच्यांना या विचारात दिलासा सापडण्याजोगा नव्हता, हेही विसरता येत नाही. तरीही, ज्या चेंडूचे शल्य मनात जन्मभर राहावे, त्याकडे तो निराळ्या दृष्टीने पाहू शकला, एवढे खरे.

सन २००४ मध्ये बॉस्टनच्या संघाविरुद्ध पुन्हा असाच निर्णायक घाव बसला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये यांकीज बॉस्टनला खेळायला गेले, तेव्हा रिव्हेराचे नाव पुकारताच तेथल्या प्रेक्षकांनी खवचटपणे टाळ्यांचा कडकडाट केला. जणू ‘तुझ्यामुळेच आम्ही जिंकलो’! रिव्हेरा हसला आणि टोपी काढून त्याने त्या टाळ्यांचा स्वीकार केला.

सन २००९ मध्ये यांकीज पुन्हा अजिंक्य झाले. १९ सप्टेंबर २०११ रोजी रिव्हेराने ६०२ वा ‘सेव्ह’ मिळवून ट्रेव्हर हॉफमनचा विक्रम मागे टाकला. निवृत्तीपर्यंत हा आकडा ६५२ झाला. आजवर तेथपर्यंत कोणी पोचलेला नाही. अंतिम टप्प्यांच्या सामन्यांत त्याने १४१ डाव टाकले आणि त्याच्या खात्यावर अवघ्या ११ धावा लागल्या. त्याच्या पाठीवरचा क्रमांक होता ४२. हा क्रमांक पूर्वी जॅकी रॉबिन्सनचा. सन १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडून मोठ्या स्पर्धेत उतरलेला तो कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्या सन्मानार्थ १९९७ मध्ये हा क्रमांक सर्व संघांनी कायमचा बाजूला ठेवला. ज्यांच्या पाठीवर तो आधीपासून होता त्यांनाच तो ठेवण्याची मुभा मिळाली. त्यांतला शेवटचा खेळाडू रिव्हेरा. सन २०१९ मध्ये बेसबॉलच्या सन्मानमंदिरासाठी मतदान झाले, तेव्हा ४२५ पैकी ४२५ मते त्याला मिळाली. बेब रूथसारख्या महान फलंदाजालाही सर्वच्या सर्व मते मिळाली नव्हती. हा मान पहिल्यांदा मिळाला तो एका रिलीफ पिचरला.

मे २०१२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सरावात उंच चेंडू झेलताना त्याच्या गुडघ्यातील स्नायुबंध तुटला. आता हा संपला, असे बहुतेकांना वाटले. ‘असा मी जाणार नाही, परत येईन’ असे त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितले, आणि २०१३ मध्ये तो खरोखरच मैदानावर आला. हे आपले शेवटचे वर्ष असे त्याने आरंभीच जाहीर केले होते. ज्या ज्या गावी सामना असे, तेथे तो मैदानाची निगा राखणारे, स्वयंपाकघरात राबणारे, तिकिटे विकणारे अशा लोकांना मुद्दाम भेटे व त्यांचे आभार मानी. क्लीव्हलंडला १९७३ पासून प्रेक्षकांत बसून ढोल वाजवणाऱ्या एका रसिकालाही तो भेटला. मिनेसोटाच्या संघाने त्याला एक झुलती खुर्ची भेट दिली. ती बनविली होती मोडलेल्या बॅटींची!

२६ सप्टेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मैदानावर तो अखेरचा उतरला. त्या दिवशी राखण्याजोगे काही नव्हते. यांकीज चार धावांनी मागे होते. त्याने चार फलंदाज बाद केले. नवव्या डावातील एक गडी बाकी असताना त्याला परत नेण्यासाठी दोघे जण मैदानात येताना दिसले. पण तो व्यवस्थापक नव्हता. डेरेक जीटर आणि अँडी पेटिट हे त्याचे तरुणपणापासूनचे सोबती होते. पेटिटने हात पुढे करून चेंडू मागितला. एरवी चेहऱ्यावर रेषाही न हलू देणारा रिव्हेरा पेटिटच्या खांद्यावर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. उरलेला एक गडी दुसऱ्या पिचरने बाद केला.

सामना संपला. इतर खेळाडू आत निघून गेले. रिव्हेरा काही वेळ बाकावर एकटाच बसून राहिला. नंतर तो उठला, मैदानाच्या मध्यावरील त्या मातीच्या उंचवट्याकडे चालत गेला, खाली वाकला आणि तेथली मूठभर माती त्याने बरोबर घेतली.